हार घातलेली प्रेस

निगडी प्राधिकरण,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

चि. निरंजनास,
विजूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे ठीक आहोत. ज्ञानेशची या आठवड्यात नाइट शिफ्ट आहे, त्यामुळे दिवसा घरात कुजबुजत बोलावं लागतं आणि कुकरच्या शिट्टीलाही दम द्यावा लागतो. अण्णांचा गुडघा दुखतोच, पण सकाळची बागेतली चक्कर चुकत नाही आणि आल्यावर अख्ख्या प्राधिकरणाच्या बातम्या ते मला चहाबरोबर देतात. चाकणला आमच्या कंपनीत ऑडिटची धांदल आहे. क्वालिटीवाल्यांना या दिवसांत कुणी प्रेमाने हाक मारत नाही.

पत्र लिही असं तुला मीच सांगितलं होतं. फोनवर तू ऐकून घेत नाहीस. माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच 'ताई, त्यामागे माझा विचार असा होता' सुरू होतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा आता निमूट वाच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. 'शेड नंबर नऊ'चा दुसरा भाग कसा झालाय ते खरं सांग, आणि खंडेनवमीला घरी येऊ का. दुसऱ्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. ते ज्यांनी द्यायचं त्या आपल्या अण्णांनीच दोन वर्षांपूर्वी तुला 'तोंड दाखवू नकोस' म्हणून सांगितलंय. म्हणून आधी सिनेमाबद्दल लिहिते. त्यातलं मला कळतं.

पहिली गोष्ट, ऐन पितृपंधरवड्यात भुताचा सिनेमा लावायची अक्कल कुणाची? आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायका 'दसऱ्यानंतर बघू' म्हणाल्या. दसऱ्यानंतर तो थिएटरात टिकला तर बघतील. ही तुझी आयडिया असेल तर कान धर, निर्मात्याची असेल तर त्याचा धर.

शनिवारी ज्ञानेशबरोबर चिंचवडला पाहिला. पहिला अर्धा तास, निरू, मी श्वास विसरले. तो डब्याचा प्रसंग! पाच बायका जेवायला बसतात आणि सहा डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येतो. संगीत नाही, किंकाळी नाही, बायका आपल्या लोणच्याबद्दल बोलतायत. ज्ञानेशने माझा हात इतका घट्ट धरला, लग्नातसुद्धा धरला नव्हता. आणि गेटवरची शिफ्ट सुटते ती दुपार. एवढं टळटळीत ऊन, बाहेर येणारी माणसं, आत जाणारी माणसं, आणि त्या गर्दीत उजव्या हातावर पदर घेऊन ती मेलेली बाई आत जाते. कुणी वळून बघत नाही. भर दुपारी घाबरवायला जमलं तुला. आपल्याकडे भूत म्हटलं की पाऊस, वीज आणि कंदील लागतो. तू ट्यूबलाइटखाली आणलंस, याचा मला अभिमान वाटला. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी तुला भरपूर बोलणार आहे.

तो सेटरचं काम करणारा नट तर कमाल आहे. प्रेसमध्ये पत्रा कापायचा डाय बसवतो, नट आवळतो आणि कुणाशीही बोलायच्या आधी कापसाच्या चिंधीला हात पुसतो. प्रत्येक वेळी. हात स्वच्छ असले तरी पुसतो. ते तू कुठून उचललंस ते मला कळलं.

आता दोष. पहिल्या भागात ती बाई एक अक्षर बोलली नाही, म्हणून आपण घाबरलो. तिचं काय झालं, कुणी केलं, काहीच नक्की कळत नव्हतं, आणि मी आठवडाभर पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपत होते. दुसऱ्या भागात ती मध्यंतरानंतर गाऱ्हाणं सांगायला बसते ते उठतच नाही. अरे, भूत एवढं बोलायला लागलं की त्याची शेजारीण होते! मग ती क्रेनवरून उडते कशाला? जी बाई गेटमधून नुसती चालत आली तरी पुरते, तिला उडवायचं काय कारण? आणि ते ढोल. जिथे तुला स्वतःचा भरवसा वाटला नाही तिथे तिथे ढोल वाजलेत, मोजून घे.

दुसऱ्या भागाची गोमच ही असावी. लोकांना पुन्हा तीच भीती हवी असते आणि करणाऱ्याला वाटतं, आता सगळं समजावून सांगितलं पाहिजे. समजावून सांगितलं की भीती गेलीच.

मालक तर पार फसलाय. भोसरीत शेड चालवणारा मालक स्वतः टेम्पोत पेट्या चढवतो, कामगाराच्याच टपरीवर कटिंग पितो. तू त्याला सोफ्यावर बसवून हातात काचेचा ग्लास दिलास. तो फोन करून सेटरला म्हणतो, 'माल आज गेला नाही तर उद्या कामावर येऊ नकोस.' त्या एका फोनवर तू अख्खी गोष्ट उभी केलीस. मला तो फोन पटला नाही. कारण खाली लिहिते.

शेवटी पांढरा उजेड पडतो, सेटर गुडघे टेकतो, ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि विरून जाते. थिएटरात माझ्या शेजारची बाई रडली. मला रडू आलं नाही, रागच आला. एवढ्या स्वस्तात?

आणि आता तो प्रसंग, ज्याला लोक हसले.

खंडेनवमी. मशिनी पुसून झाल्यात, हळदकुंकू लागलंय, झेंडूचे हार पडलेत, नारळ फुटलाय. आणि तुझा सेटर मेन स्विच पाडायच्या ऐवजी हारासकट प्रेस चालू करतो. थिएटरात एकच हशा. बरोबरच आहे. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हे भोसरीत शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्याला देव-धर्म काही नको तोही त्या दिवशी मशीनला सुट्टी देतो. कुणीतरी ओरडलं, "डायरेक्टर कधी कंपनीत गेलाय का राव?"

तू गेला नव्हतास. पण सगळ्या सिनेमात तो एवढा एकच प्रसंग असा आहे की जो तू मनाचा घातलेला नाहीस.

तू तेव्हा पाचवीत होतास, मी दहावीला. तुला काय किती आठवतं मला माहीत नाही, म्हणून मला ठाऊक आहे ते लिहिते. त्या खंडेनवमीला, अण्णा सेटर होते त्या शेडच्या गेटवर टेम्पो उभा होता आणि माल थोडा कमी पडत होता. अण्णांनी प्रेस चालू केली. प्रेसवर काम करणाऱ्या बायकांत सरूमावशीचा हात सगळ्यांत चपळ, म्हणून तिला बसवलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, ती वेळ खाते, म्हणून उजवं बटण पट्टीने बांधून टाकलं. म्हणजे डाव्या हाताने बटण, उजव्या हाताने पत्रा. काम झरझर चाललं. तेवढ्यात हार सुटून डायवर पडला. देवाचा हार चिरडायला नको म्हणून मावशीने उजवा हात घातला, आणि डावा हात आपल्या सवयीने बटणावर पडला.

दुसरी कुठली बाई असती, किंवा त्या जागी नुसती चिंधी पडली असती, तर हात गेला नसता. हे मावशीच म्हणते.

मग शेडमध्ये सांगितलं गेलं की बाईचं लक्ष नव्हतं. अण्णांनी सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, कारण सगळ्यांनाच त्या दिवशी घरी जायचं होतं आणि पुढेही तिथेच काम करायचं होतं. घरी आईला अण्णांनी खरं सांगितलं, ते मी ऐकलं. आई गेली, पण मरेपर्यंत तिने खंडेनवमीला घरातल्या शिवणाच्या मशीनला हार घातला नाही. फुलं वाहायची, सुटी.

आता मला सांग, यात मालकाचा फोन कुठे आहे?

नव्हताच तो. मालक त्या दिवशी गावी गेला होता. अण्णांना कुणी धमकी दिली नाही, कुणी आग्रहही केला नाही. टेम्पो रिकामा परत गेला तर आपली शान जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. 'बबनराव असताना माल थांबत नाही' असं सगळी लाइन म्हणायची ना! तू ते लिहिताना अडलास आणि एक वाईट माणूस आणून त्याच्या हातात फोन दिलास. तू बापाला वाचवलंस, निरू, आणि सिनेमा तिथेच पडला. गंमत अशी की ज्याला वाचवलंस तो तुझ्याशी बोलत नाही, तू बदनामी करणार म्हणून. मला तुझी मायाही कळते. पण मी क्वालिटीत आहे, जोड कुठे दिला आहे ते मला बोटाला लागतं.

आणि दुसरं. मावशी जिवंत आहे. पहिल्या भागात तू तिला मारून भूत केलंस तेव्हा मी काही बोलले नाही, म्हटलं गोष्ट आहे. पण दोन दोन सिनेमे केलेस, एकदाही भोसरीला तिच्या घरी गेला नाहीस. लेकीबरोबर ती पोळीभाजी केंद्र चालवते, पत्ता सगळ्या एमआयडीसीला पाठ आहे.

आता रविवारचं सांगते. यापुढचं बसून वाच.

शनिवारी आम्ही परत आलो तेव्हा अण्णा टीव्ही बघत होते. मान न वळवता म्हणाले, "कसा हाय?"

मी म्हटलं, "पहिला अर्धा चांगला आहे."

"उद्या मला ने."

मी ज्ञानेशकडे बघितलं, ज्ञानेशने छताकडे बघितलं. रविवारी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जसे लग्नाला निघालेत. दुपारचा शो. डब्याच्या प्रसंगाला ते हसले. भ्यायले नाहीत, हसले. "बायका अशाच बोलत्यात," म्हणाले. तो सेटर चिंधीला हात पुसायला लागला तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचे हात मांडीवरून उचलून शेजारी ठेवले, कुठे ठेवावेत ते कळेना तसे.

मग खंडेनवमी आली. प्रेस सुरू झाली. मागच्या रांगेत पोरं होती, कंपनीतलीच असणार, एकजण मोठ्याने म्हणाला, "असं कोण करतं, भावा? काहीपण दाखवतात!" आणि सगळे हसले.

अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं निघाले. मी पर्स उचलली. ते मागे वळले आणि म्हणाले, "म्या केलंय."

 मग पोरांतला एक म्हणाला, "काका, खाली बसा ना, दिसत नाही."

अण्णा बसले. बाकीचा सिनेमा त्यांनी पापणी न हलवता पाहिला. प्रेस का सुरू केली ते सांगणारा फोनचा प्रसंग नंतर आला तेव्हा पुढे झुकले, ऐकू न आल्यासारखे. शेवटी पांढरा उजेड पडला, ती बाई विरून गेली, दिवे लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

 गाडी मी निगडीकडे वळवत होते तर अण्णा म्हणाले, "भोसरीला घे."

मावशी पोळ्यांची कणीक डाव्या हाताने मळत होती. आम्हाला बघून तिने लेकीला खुर्च्या टाकायला सांगितलं आणि माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? "त्या निरंजनला म्हनावं, मारलंस तर मारलंस, पर साडी तरी बरी नेसवायची हुती! असली मळकी मी कवाच नेसली नाय." तिनेही पाहिलाय, लेकीबरोबर. तिला ते उडणं फार आवडलं. तेव्हा उडण्याबद्दल मी वर लिहिलंय ते अर्धं मागे घेते.

अण्णा बसले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "सरूबाई, फोन आला नव्हता. मीच चालू केली. बटनबी मीच बांधलं."

मावशी म्हणाली, "मला म्हाईत हाय की. मी तितंच हुते."

चहा झाला. अण्णांना पुढे बोलायचं होतं, ते रिकामी कपबशी हातात फिरवत राहिले. मावशीने त्यांना वाट बघू दिली. मग सरळ म्हणाली, "बबनराव, हितं माज्या घरात सांगून काय उपेग? हितं समद्यांना ठावं हाय. जितं माजं ध्यान नव्हतं म्हून सांगितलं, तितं जाऊन सांगा. हात गेला त्याचं दुख मी कवाच गिळलं. पर बाई यडी हुती, फुलासाठी हात घातला, आसं अजून बोलत्यात लोक. लेकीला सोयरीक बघायला गेलो तवा तितंबी बोलले."

तुझ्या भुतासारखा तिने काही अण्णांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. निघताना भाजी बांधून दिली, पण ती ती सगळ्यांनाच देते.

तुला ठाऊकच आहे, त्या शेडमध्ये खंडेनवमीचा नारळ अजून अण्णांच्याच हातून फोडतात. जुना माणूस म्हणून मालकाचा मुलगा गाडी पाठवतो. जुने कामगार येतात, आसपासच्या शेडवालेही पेढ्याला येतात. अण्णांनी ठरवलंय की या वर्षी नारळ फोडायच्या आधी ते सांगणार. मावशी म्हणाली, "मी येनार. मागं न्हाई, फुडं उभी ऱ्हानार."

आता मी तुला माझी काळजी लिहिते. अण्णा सांगतील की नाही, मला खात्री नाही. कालपासून दोनदा म्हणालेत की गुडघ्यामुळे जमेल की नाही बघू. ज्या माणसाने एवढी वर्षं त्याच लोकांसमोर ताठ मानेने नारळ फोडला, त्याने त्यांच्यासमोर तोंड उघडायचं हे थिएटरात उठून बोलण्याइतकं सोपं नाही. तिथे अंधार होता आणि पोरं अनोळखी होती. मला भीती वाटते की ते गाडीतून उतरतील, मान डोलावतील, नारळ फोडतील आणि परत येतील. आणि मावशी तिथे पुढे उभी राहिलेली असेल. तसं झालं तर ते पुन्हा कधीच बोलणार नाहीत, आणि मी त्यांच्या ताटात पूर्वीसारखी भाकरी वाढू शकणार नाही.

सकाळी त्यांना म्हटलं, निरंजनला पत्र लिहितेय, काही सांगायचं आहे का. बागेतून आले होते, पायातल्या चपला तशाच होत्या.  मी पोळीकडे वळले तेव्हा म्हणाले, "पहिला अर्धा चांगला केलाय त्यानं."

मग म्हणाले, "तो समोर असला तर मला खोटं बोलता यायचं न्हाई."

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. एक ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. आदल्या दिवशी ये. पुरणपोळी करीन, पितृपंधरवड्यात सिनेमा लावल्याची शिक्षा म्हणून पुरण तू वाटायचं. तिसऱ्या भागाची बोलणी चालली असतील तर ती तिकडेच आवरून ये. मोबाइलसुद्धा खिशातून काढायचा नाही, काढलास तर मीच घेईन.

अण्णांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझी त्यात भर नाही: "त्याला म्हनावं, दाखवायला येऊ नगंस. माज्याजवळ हुबा ऱ्हायला ये."

वाट बघते. आम्ही दोघंही बघतोय.

तुझी,
विजूताई